चित्र बिघडलें कीं वाचक चुकला?



संगणकांत ठेवलेलें एखादें छायाचित्र पाहावयास जावें, आणि चित्राऐवजीं पडद्यावर अर्थहीन अक्षरांच्या रांगा उमटाव्या. किंवा 'ही फाईल कशानें उघडूं?' असा प्रश्न संगणकानेंच उलट आपणांस विचारावा. हा प्रकार आतां बहुतेक सुशिक्षित घरांच्या परिचयाचा झाला आहे. असें झालें म्हणजे घरांत एकच समजूत होते, ती ही कीं, चित्र बिघडलें. मग कोणी तें निरुपयोगी म्हणून पुसून टाकतो, कोणी त्याचें नांव बदलून पाहतो, आणि कोणी जाणता म्हणविणारा सगळा संगणक धुऊन पुसून नव्यानें मांडण्याचा सल्ला देतो. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशांतला हा प्रकार आहे. बहुतेक वेळां चित्र शाबूत असतें. तें कोणी वाचावें, एवढी नोंद चुकलेली असते. नोंद दुरुस्त केली कीं चित्र पूर्ववत् दिसूं लागतें. ही गोष्ट नीट उमगावी, एवढाच आजच्या भाषणाचा उद्देश आहे.

विषय वरवर क्षुल्लक वाटेल. पण आपल्या धाराशिव जिल्ह्यांत तरी त्याला क्षुल्लक म्हणवत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्यांत लातूर जिल्ह्याप्रमाणेंच आपल्या जिल्ह्यांतील उमरगा व लोहारा भागांतलीं, सास्तूरसारखीं गांवें कोसळलीं. दगडमातीच्या भिंतींबरोबर त्या भिंतींवरच्या तसबिरी आणि ट्रंकांतले फोटोही ढिगाऱ्याखालीं गेले. अशा घराला वडील माणसाचें एखादें छायाचित्र परगांवच्या आप्ताकडून मिळावें, त्याची प्रत संगणकांत ठेवावी, आणि पुढें 'उघडत नाहीं' म्हणून तीच पुसली जावी, तर ती हानि भरून येण्याजोगी नाहीं. म्हणून पुसण्याचें बटण दाबण्यापूर्वीं दुखणें कोठें आहे हें पाहिलें पाहिजे.

प्रथम फाईल म्हणजे काय तें पाहूं. संगणकांत चित्र हें चित्ररूपानें नसतें. ती केवळ आंकड्यांची एक लांबलचक ओळ असते. त्यांतला प्रत्येक आंकडा ० पासून २५५ पर्यंतचा. पत्र असो, गाणें असो, छायाचित्र असो, सर्वांचें अंतरंग हेंच. त्या आंकड्यांचा अर्थ लावून त्यांपासून रंग व आकृति निर्माण करणारा एक वाचक लागतो. संगणकाच्या परिभाषेंत त्याला प्रोग्राम किंवा ॲप म्हणतात. चित्र समजणाऱ्या ॲपकडे तो आंकड्यांचा पट दिला तर आजोबांचा चेहरा दिसतो. तोच पट केवळ मजकूर समजणाऱ्या नोटपॅडकडे दिला तर तें बिचारें प्रत्येक आंकड्याचें अक्षर करूं पाहतें आणि पडदाभर निरर्थक चिन्हें पसरतें. चित्र तेंच, वाचक मात्र भलता.

मराठवाड्यांतील श्रोत्यांना याचें एक घरचें उदाहरण देतां येईल. आपला मुलूख १९४८ सालापर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या काळच्या दप्तरांत उर्दू कागद सांपडतात, तसेच मोडी लिपींतलेही सांपडतात. २०२३ सालीं न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या समितीनें निजामकालीन कागदांत कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हां उर्दू व मोडी जाणणाऱ्या माणसांचें मोल सर्वांना कळलें. आतां अशी कल्पना करा कीं, दप्तरखान्यांत कागदांचे रुमाल बांधून ठेवले आहेत, प्रत्येक रुमालाला चिठ्ठी आहे, आणि दारावरच्या कारकुनाजवळ एक वही आहे. वहींत लिहिलें आहे: मोडीची चिठ्ठी असेल तर रुमाल अमक्याकडे द्यावा, उर्दूची असेल तर तमक्याकडे. कोणीं ती वही खोडून मोडीपुढें उर्दूवाल्याचें नांव लिहिलें, तर तो गृहस्थ कागद उलटासुलटा करून म्हणेल, 'हें वाचतां येत नाहीं.' त्याचें म्हणणें खरें आहे. पण एवढ्यावरून कागद कुजला असें ठरवून तो जाळावा काय?

संगणकाचा कारभार याच पद्धतीचा आहे. फाईलच्या नांवाच्या शेवटीं एक टिंब असतें आणि टिंबापुढें तीनचार अक्षरें. इंग्रजींत त्यांना 'एक्स्टेन्शन' म्हणतात. आपण व्याकरणांतला शब्द घेऊन 'प्रत्यय' म्हणूं. विभक्तीचा प्रत्यय पाहून शब्दाचें वाक्यांतलें काम कळतें, तसा हा प्रत्यय पाहून संगणक फाईलचा प्रकार ठरवितो. छायाचित्राचा नेहमींचा प्रत्यय जेपीजी. छायाचित्रतज्ज्ञांच्या एका संयुक्त मंडळानें ही चित्रलेखनपद्धति सिद्ध केली आणि १९९२ सालीं ती प्रमाण ठरली. त्या मंडळाच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून 'जेपीईजी' हें नांव आलें. जुन्या डॉस प्रणालींत नांवाला आठ आणि प्रत्ययाला तीनच अक्षरांची मुभा असल्यामुळें चाराचीं तीन झालीं आणि 'जेपीजी' रूढ झालें. आज दोन्ही रूपें चालतात. याशिवाय १९८७ सालचा जीआयएफ, १९९६ सालचा पीएनजी, जुना बीएमपी आणि अलीकडचे वेबपी व हेइक असे चित्रांचे आणखी प्रत्यय आहेत.

रुमालावरची चिठ्ठी म्हणजे हा प्रत्यय. कारकुनाची वही विंडोज प्रणालींत 'रजिस्ट्री' या नांवानें असते; तिच्यांत प्रत्येक प्रत्ययापुढें एका वाचकाचें नांव लिहिलेलें असतें. या सांगडीला 'फाईल असोसिएशन' म्हणतात. ती बहुधा तीन कारणांनीं मोडते. पहिलें, कोणीतरी एखादें चित्र भलत्याच ॲपनें उघडतांना 'नेहमीं यानेंच उघडावें' या पर्यायास होकार दिला. दुसरें, नव्या ॲपनें संगणकांत प्रवेश करतांना चित्रांचा कारभार आपल्याकडे मागितला आणि आपण न वाचतां 'होय' म्हटलें. तिसरें, पूर्वींचा वाचक निघून गेला. ॲप काढून टाकलें, आणि त्याच्या नांवची नोंद अधांतरीं राहिली. पुष्कळ घरांत चित्रें दाखविण्याचें काम गूगलचें 'पिकासा' करीत असे. गूगलनें २०१६ सालीं तें बंद केलें. जो वाचक कायमचा जाणार, त्याच्या नांवच्या नोंदी केव्हांतरी बदलाव्याच लागतात.

आतां निदानाकडे वळूं. चित्र उघडत नसेल तर स्वतःला तीन प्रश्न विचारावे. एकच चित्र उघडत नाहीं, कीं त्या प्रत्ययाचीं सर्वच? सर्वच उघडत नसतील, तर दोष चित्रांत नसून नोंदींत किंवा वाचकांत असण्याचा संभव फार. एका दिवसांत पांचशें चित्रें एकदम सहसा बिघडत नाहींत. दुसरा प्रश्न: तेंच चित्र दुसऱ्या वाचकाला वाचतां येतें काय? याची सोपी परीक्षा म्हणजे फाईल उचलून इंटरनेट पाहण्याच्या ब्राउझरच्या मोकळ्या खिडकींत सोडणें. जेपीजी, पीएनजी, जीआयएफ हे प्रकार ब्राउझरला वाचतां येतात. तेथें चित्र दिसलें कीं निश्चिंत व्हावें. चित्र जिवंत आहे. तिसरा प्रश्न: फाईलचा आकार किती आहे? नांवावर उजवें बटण दाबून 'प्रॉपर्टीज' पाहिल्यास तो कळतो. आकार शून्य असेल तर आंत कांहींच नाहीं असें समजावें.

नोंदींत दोष आहे असें ठरलें कीं उपाय दोन मिनिटांचा आहे. विंडोज ११ मध्यें चित्राच्या नांवावर उजवें बटण दाबावें, 'ओपन विथ' वर जावें, तेथून 'चूज अनदर ॲप' निवडावें. ॲपांची यादी येईल. तींत 'फोटोज' किंवा आपणांस पसंत असलेलें चित्रांचें ॲप निवडून खालचें 'ऑल्वेज' हें बटण दाबावें. शेजारचें 'जस्ट वन्स' दाबल्यास तें ॲप त्या एका वेळेपुरतेंच लागू होतें आणि वहींतली नोंद बदलत नाहीं. विंडोज १० मध्यें 'ऑल्वेज' बटणाऐवजीं खालच्या चौकटींत खूण करावी लागते. त्या प्रणालीची सर्वसाधारण देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली असली, तरी पुष्कळ घरांत ती नांदत असल्यामुळें हें सांगितलें.

दुसरा मार्ग अधिक शिस्तीचा आहे. 'सेटिंग्ज' उघडावें, त्यांत 'ॲप्स', त्यांत 'डिफॉल्ट ॲप्स'. वरच्या चौकटींत टिंबासह प्रत्यय लिहावा. त्या प्रत्ययाचा हल्लींचा वाचक कोण तें दिसेल. त्यावर दाबून नवा वाचक निवडावा. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: वहींत प्रत्येक प्रत्ययाची ओळ निराळी असते. जेपीजी दुरुस्त केल्यानें जेपीईजी आपोआप दुरुस्त होत नाहीं, आणि पीएनजी तर नाहींच. 'निम्मीं चित्रें उघडतात, निम्मीं उघडत नाहींत' या तक्रारीचें मूळ पुष्कळदां एवढेंच असतें. त्याच पानावर सर्व नोंदी मूळपदावर आणण्याचेंही बटण आहे. पण त्यानें ब्राउझरपासून गाण्यांपर्यंत सगळ्याच निवडी पुसल्या जातात, म्हणून तें शेवटचें.

नोंद बरोबर असूनही 'फोटोज' उघडत नसेल, तर वाचकच आजारी आहे. 'सेटिंग्ज' मधील 'इन्स्टॉल्ड ॲप्स' च्या यादींत 'फोटोज' शोधून त्याच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्यें गेल्यास 'रिपेअर' आणि 'रिसेट' हीं दोन बटणें दिसतात. आधीं पहिलें दाबावें. गुण न आला तरच दुसरें. दुसऱ्यानें त्या ॲपच्या निवडी पुसल्या जातात. आपल्या फोल्डरांतील चित्रांना त्यानें धक्का लागत नाहीं.

'एका दाबांत सर्व दुरुस्त' असें सांगणारीं उपकरणें इंटरनेटवर फुकट मिळतात. त्यांच्या नादीं लागूं नये. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टनें एक व्यवस्था केली आहे. वाचकाची जी निवड मालक स्वतः करतो, तिच्याबरोबर गणितानें काढलेली एक मुद्राही लिहिली जाते. बाहेरच्यानें परभारें नोंद बदलली तर मुद्रा जुळत नाहीं आणि विंडोज ती नोंद अमान्य करतें. मालकाच्या नकळत कोणी वही बदलूं नये, हा तिचा हेतु. राजमार्ग मोकळा असतांना चोरवाटेनें जाण्यांत शहाणपण नाहीं.

आतां नांव बदलण्याच्या उपायाविषयीं. २०२३ सालीं उस्मानाबादचें नांव धाराशिव झालें. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले; पण भोगावतीचें पात्र हललें नाहीं कीं गांवाबाहेरचीं लेणीं सरकलीं नाहींत. नांव हें वस्तूचें ज्ञापक आहे, घटक नव्हे. फाईलचेंही तसेंच. पीएनजी चित्राचा प्रत्यय खोडून जेपीजी लिहिल्यानें आंतला एक आंकडाही बदलत नाहीं. फक्त रुमालावर खोटी चिठ्ठी लागते. कांहीं उदार वाचक चिठ्ठीकडे दुर्लक्ष करून आंतला मजकूर ओळखतात. कडक वाचक फाईल परत करतात.

याचा फटका मुलांना बसूं शकतो. तुळजापूरच्या नवोदय विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरतांना विद्यार्थ्याचें छायाचित्र आणि सह्या जेपीजी प्रकारांत द्याव्या लागतात. शिष्यवृत्तीच्या व नोकरीच्या अर्जांतही अशाच अटी असतात. नांवापुरता जेपीजी केलेला फोटो अशा ठिकाणीं नाकारला जाण्याचा धोका आहे, आणि मुदतीच्या शेवटच्या रात्रीं त्याचें कारण शोधावयास कोणाला उसंत नसते. खरें रूपांतर करावयाचें असेल तर चित्र 'पेंट' मध्यें उघडावें, 'सेव्ह ॲज' मधून जेपीईजी निवडावें आणि नवी प्रत निराळ्या नांवानें ठेवावी. मग आंतले आंकडेही त्या पद्धतीनें नव्यानें लिहिले जातात. मूळ फाईल तशीच असूं द्यावी.

एखाद्या फाईलची चिठ्ठीच हरवली असेल तर खरा प्रकार ओळखण्याची एक गंमतीची युक्ति आहे. फाईलची प्रत करून ती प्रत नोटपॅडमध्यें उघडावी. मात्र तेथें 'जस्ट वन्स' च दाबावें. आरंभींच्या कचऱ्यांत पीएनजी चित्र असेल तर 'पीएनजी' हीं रोमन अक्षरें स्पष्ट दिसतात. जीआयएफ असेल तर 'जीआयएफ' आणि पुढें ८७ए किंवा ८९ए. बीएमपी असेल तर 'बीएम'. जेपीजी असेल तर बहुधा 'जेएफआयएफ' किंवा 'एक्झिफ'. प्रत्येक प्रकार आपली ओळख पहिल्याच आंकड्यांत गोंदवून येतो. ओळख पटली कीं नोटपॅड कांहीं न साठवितां बंद करावें. साठविल्यास ती प्रत खरोखरच बिघडेल.

कधीं नोंद चुकीची नसते, वाचकच घरांत नसतो. ॲपल कंपनीच्या आयफोननें २०१७ पासून 'हेइक' प्रकारांत फोटो काढण्यास आरंभ केला. या प्रकारांत जागा कमी लागते. पण कांहीं संगणकांत तो वाचणारा मूळचा नसतो. पुण्यामुंबईच्या किंवा परदेशच्या मुलांनीं पाठविलेले फोटो गांवीं आईवडिलांना दिसत नाहींत, याचें हें एक कारण. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून 'हेइफ इमेज एक्स्टेन्शन्स' घेतल्यास बहुधा काम होतें. कांहीं संगणकांना त्याच्या जोडीला 'एचईव्हीसी' नांवाचा आणखी एक भाग लागतो. त्याहून सोपें म्हणजे फोनमध्यें कॅमेऱ्याच्या 'फॉर्मॅट्स' मध्यें 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडणें. पुढचे फोटो जेपीजी निघतात.

आणि कधीं चित्र खरोखरच बिघडलेलें असतें. आकार शून्य आहे, किंवा वरचा अर्धा भाग दिसतो आणि खालीं करडा पट्टा आहे, तर नक्कल होतांना पेनड्राइव्ह मध्येंच काढला गेला असावा किंवा कार्ड दुखावलें असावें. येथें वहीची दुरुस्ती कामाची नाहीं. मूळ फोनमधून किंवा कार्डांतून पुन्हा नक्कल घ्यावी, आणि त्या कार्डावर तोंपर्यंत नवें कांहीं लिहूं नये.

इतर प्रणालींतही तत्त्व हेंच. मॅकिंटॉशवर फाईल निवडून 'गेट इन्फो' मध्यें जावें, 'ओपन विथ' खालीं वाचक निवडावा आणि 'चेंज ऑल' दाबावें. लिनक्सवर बहुधा 'प्रॉपर्टीज' मध्येंच ही सोय असते; शिवाय ती प्रणाली, प्रत्यय नसला तर आरंभींचे आंकडे तपासून प्रकार ओळखते. अँड्रॉइड फोनवर 'सेटिंग्ज' मधील त्या ॲपच्या पानावर जाऊन त्याची नेहमींची नेमणूक रद्द करावी. मग फोन पुन्हा 'कशानें उघडूं' असें विचारतो. शब्द कंपनीपरत्वें थोडे निराळे असतील, एवढेंच.

शेवटीं एक इशारा. विंडोज मूळच्या स्थितींत ओळखीचे प्रत्यय झांकून ठेवतें. त्यामुळें नांवांत आधीं जेपीजी आणि त्यापुढें ईएक्सई असा दुहेरी प्रत्यय असलेली फाईल केवळ चित्र वाटते; वस्तुतः ती संगणकावर हुकूम चालविणारी आज्ञावली असते. फाईलच्या खिडकींत 'व्ह्यू', त्यांत 'शो', त्यांत 'फाईल नेम एक्स्टेन्शन्स' एवढें चालू केलें कीं खरा प्रत्यय डोळ्यांपुढें राहतो. फोनवरही तीच सावधगिरी हवी. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके प्रत्ययाची फाईल धाडायची, आणि ती उघडणाऱ्याचें बँकखातें रिकामें करायचें, अशी फसवणूक अलीकडे चालली आहे. २०२५ सालीं मराठवाड्यांतील हिंगोलीहून असें वृत्त आलें होतें. पत्रिका चित्ररूपानें येते, पीडीएफ रूपानें येते. एपीके रूपानें येत नाहीं. मित्राच्या नंबरावरून आली तरी प्रत्यय पाहिल्यावांचून उघडूं नये.

एवढ्या विवेचनाचें सार थोडक्यांत सांगतों. चित्र उघडलें नाहीं तर तें पुसूं नये, त्याचा प्रत्यय बदलूं नये, संगणक 'फॉरमॅट' करूं देऊं नये. आधीं एक प्रत दुसऱ्या ठिकाणीं ठेवावी. मग ब्राउझरनें परीक्षा घ्यावी. चित्र जिवंत असेल तर नोंद दुरुस्त करावी. दुकानदाराकडे संगणक न्यावाच लागला, तर 'चित्रें पाहिजेत, बाकी काय तें करा' असें आधीं बजावून सांगावें आणि चित्रांची प्रत आपल्या हातीं ठेवूनच संगणक त्याच्या स्वाधीन करावा. कागद वाचतां आला नाहीं म्हणजे तो कोरा ठरत नाहीं. जाणता वाचक मिळेपर्यंत तो जपून ठेवण्याची जबाबदारी मात्र घरच्यांची आहे.